शिष्यवृत्ती देणारं प्रतिष्ठान हाती आलंय? सोलापुरातल्या नव्या विश्वस्तांसाठी

सोलापुरात शिक्षणाला पैसे देणाऱ्यांची वानवा कधी नव्हती. वालचंद, हरिभाई देवकरण, कुचन, बुर्ला ही नावं आपण शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर वाचतच मोठे झालो. त्या पिढीनं इमारती बांधल्या, कारण तेव्हा इमारतीच नव्हत्या. आज कॉलेजं आहेत, २००४ पासून जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ आहे आणि सरकारी योजनाही मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. तरी मुलं गळतात. प्रवेशफेरीत दोन-चार दिवसांत भरायचे पैसे जमत नाहीत, जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हाती येत नाही, पुण्यातली खानावळ झेपत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या वर्षी कुणीतरी मदत करतं आणि दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही.

हा लेख घरच्या किंवा मित्रमंडळींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या छोट्या प्रतिष्ठानाचं अध्यक्षपद किंवा कार्यकारी विश्वस्तपद ज्यांच्याकडे नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी आहे. हडपसरकडची जमीन विकली, वडिलांच्या नावानं काहीतरी करायचं ठरलं, एक कोटी बाजूला पडले आणि ‘तू बघ’ म्हणून सगळे मोकळे झाले, अशी घरं जुळे सोलापुरात आणि होटगी रस्त्याला बरीच आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या मुलाला हात द्याल त्याचं शिक्षण संपेपर्यंत तो सोडू नका, आणि बाकी सगळे निर्णय या एका गोष्टीवर बेतून घ्या. हे बोलायला सोपं आहे, हिशेबात बसवायला अवघड.

पहिली पायरी: कागद वाचा

सत्कार स्वीकारण्याआधी तीन कागद मागून घ्या. एक, ट्रस्ट डीड किंवा संस्थेची घटना. दोन, धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे ट्रस्टची नोंद, विश्वस्त आणि मिळकत दाखवणारा कागद. तीन, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. हे तिन्ही एका फायलीत सापडले तर तुमच्या आधीच्या माणसाचे आभार माना.

पाटीवर प्रतिष्ठान, फाउंडेशन, न्यास, ट्रस्ट काहीही लिहिलेलं असो, कायदा नाव बघत नाही. पैसा घरचा असला तरी लाभ बाहेरच्या मुलांना मिळणार असेल तर ती सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था होते आणि तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. ‘आमचं खासगी आहे, आम्हाला कोण विचारणार’ असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. १८८२चा भारतीय न्यास अधिनियम खासगी न्यासांसाठी आहे, तो इथे कामाचा नाही. संस्था १८६०च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेली असेल तर किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची १९५०च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते.

उताऱ्यावर विश्वस्तांची नावं बघा. वारलेल्या माणसांची नावं तिथे वर्षानुवर्षं तशीच असतात, कारण बदल अर्ज कुणी भरलेलाच नसतो. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मिळकत वाढली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, असं कलम २२ सांगतं. तुमचं स्वतःचं नावही याच वाटेनं उताऱ्यावर चढतं. ते चढेपर्यंत बँक सह्या बदलून द्यायला का-कू करते, आणि मुलांचे पैसे जूनमध्ये अडकतात. म्हणून हे काम पहिल्या महिन्यातच उरका.

ट्रस्टच्या नावावर जागा किंवा शेत असेल तर ते विकायला, किंवा लांब मुदतीनं भाड्यानं द्यायला, कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ट्रस्टसाठी कर्ज काढायलाही लागते. परवानगी नंतर घेऊ म्हणून इसार घेतलेले व्यवहार पुढे कोर्टात झुलत राहतात.

दुसरी पायरी: पैसा कुठे ठेवलाय

हा भाग छोटा आहे, पण चुकवू नका. सोलापुरात ओळखीच्या पतसंस्थेत जादा व्याज मिळतं म्हणून ट्रस्टचे पैसे ठेवायची सवय जुनी आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवता येतो याची यादी धर्मादाय कायद्यातही आहे आणि आयकर कायद्यातही, आणि दोन्हींत बसेल अशीच जागा निवडायची. शेड्युल्ड बँक, पोस्ट आणि सरकारी रोखे यांच्या पलीकडे जाण्याचं लहान ट्रस्टला काही कारण नाही. भिशी, हातउसने, विश्वस्ताच्या भावाच्या कारखान्याला टॉवेलच्या ऑर्डरपुरते दिलेले पैसे, यातलं काही वहीत दिसलं तर तेवढ्यावर एक वेगळी बैठक घ्या. बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण एका बँकेत एका खातेदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच असतं, व्याजासकट. कोटीभर रक्कम एकाच सहकारी बँकेत पडली असेल तर ती पांगवा.

खात्यावर तिघांच्या सह्या ठेवा, कोणत्याही दोघांनी पैसे निघावेत. त्या तिघांतला एक तरी घरचा नसावा.

तिसरी पायरी: किती मुलं, हे बोटांवर नाही, कागदावर मोजा

आता मुख्य मुद्दा. बहुतेक नवी प्रतिष्ठानं इथेच घसरतात, आणि घसरल्याचं त्यांना दुसऱ्या वर्षी कळतं.

समजा तुमच्याकडे १ कोटी मूळनिधी आहे आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळतं. म्हणजे वर्षाला ७ लाख. त्यातले १ लाख अर्धवेळ माणूस, हिशेबनीस, लेखापरीक्षक, जाण्यायेण्याचं पेट्रोल यात जातात. १ लाख मूळनिधीत परत टाकायचे, कारण पाच वर्षांनी आजचे ४० हजार ४० हजारांचं काम करणार नाहीत. उरले ५ लाख. एका मुलाला वर्षाला ४० हजार द्यायचे धरले तर साडेबारा, म्हणजे बारा मुलं होतात.

नवा अध्यक्ष इथे खूश होतो आणि जूनमध्ये बारा मुलं निवडतो. अभियांत्रिकी चार वर्षांची. पुढची तीन वर्षं तीच बारा मुलं चालू राहतात आणि एकाही नव्या मुलाला दार उघडता येत नाही. दुसऱ्या वर्षी बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘आपलं काम दिसायला पाहिजे, नवीन मुलं घ्या.’ मग जुन्यांची रक्कम निम्मी होते. म्हणजे अर्ध्या वाटेवर सोडलेली बारा मुलं आणि अर्ध्या वाटेवर सोडली जाणार असलेली आणखी बारा.

योग्य आकडा बारा भागिले चार आहे. दरवर्षी तीन नवी मुलं घ्यायची. चौथ्या वर्षी बारा होतात आणि त्यापुढे जेवढी बाहेर पडतील तेवढीच आत येतील. तीन हा आकडा ऐकून घरचे नाराज होतात. ‘कोटी रुपये ठेवले आणि तीन पोरं?’ हा प्रश्न येणार म्हणून उत्तर तयार ठेवा. नेतृत्व म्हणजे नेमकं काय, हे या बैठकीत कळतं.

पण तीनच मुलं घेतलीत की आयकराचा पेच उभा राहतो. सूट हवी तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी हेतूवर खर्च व्हावी लागते. तुमचं उत्पन्न ७ लाख, त्याचे ८५ टक्के ५ लाख ९५ हजार. पहिल्या वर्षीचा खर्च मात्र १ लाख कार्यालयीन आणि १ लाख २० हजार मुलांचे, मिळून २ लाख २० हजार. पावणेचार लाख कमी पडतात. घाबरून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वह्या-दप्तरं वाटणारे ट्रस्ट मी पाहिलेत. एवढी धावपळ करायचं कारण नाही. कोणत्या हेतूसाठी साठवतोय हे ठरावात नेमकं लिहून, मुदतीत अर्ज भरला तर ही रक्कम पाच वर्षांपर्यंत साठवता येते. ‘शैक्षणिक कार्यासाठी’ असं मोघम लिहू नका, ‘निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी’ असं लिहा. साठवलेली रक्कम मग दुसऱ्या ट्रस्टला देता येत नाही, हेही लक्षात असू द्या. एरवीही दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीचे ८५ टक्केच खर्चात धरले जातात.

आयकराबाबत एक सूचना. १९६१च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ आला आहे आणि तो १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. बाजारात लोक अजून बारा-ए (ट्रस्टची करसूट नोंदणी), ऐंशी-जी (देणगीदाराची करसवलत) असंच जुन्या कलमांच्या नावानं बोलतात आणि आणखी बरीच वर्षं बोलतील. सीएकडे जाताना क्रमांक पाठ करून जाऊ नका, तारखा विचारून घ्या. नोंदणीचं नूतनीकरण कधी, विवरणपत्र कधी, लेखापरीक्षण अहवाल कधी, एवढं लिहून भिंतीवर लावा.

चौथी पायरी: फी सोडून बाकीचं बघा

मदत म्हणजे फी असं आपण धरून चालतो. फीचा बराच भाग सरकार उचलतं, फक्त ते मुलांच्या घरी कुणाला ठाऊक नसतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क त्याच उत्पन्न मर्यादेत पूर्ण माफ आहे. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट असतो. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती राष्ट्रीय पोर्टलवर आहे आणि तिला विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ज्या शहराच्या पूर्व भागात एवढ्या बायका विड्या वळतात, तिथे हे ओळखपत्र ट्रंकेत नुसतं पडून असलेलं दिसतं.

म्हणून तुमच्या प्रतिष्ठानाचा पहिला खर्च पैसे वाटण्यावर करू नका. एक चांगला, चटपटीत माणूस नेमा, ज्याला महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे फॉर्म भरता येतात, जो सेतू केंद्रात रांगेत उभा राहतो आणि ज्याचा फोन मुलं उचलतात. असा एक माणूस वर्षाला जेवढे सरकारी पैसे मुलांच्या खात्यात आणून देतो, तेवढे तुमचं व्याज देणार नाही. याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नाक मुरडणारे विश्वस्त असतील. त्यांना एक दिवस त्याच्याबरोबर रांगेत उभं करा.

मग पैसे कशाला? जिथे सरकार पोचत नाही किंवा उशिरा पोचतं तिथे.

प्रवेशफेरीत जागा मिळाली की ती पक्की करायला थोडेच दिवस असतात. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र महिन्यांनी येतात, कधी पुढच्या वर्षी. या मधल्या काळासाठी तीन-चार लाखांचा फिरता निधी ठेवा. तो कर्ज-शिष्यवृत्ती म्हणून देता येतो: दिला त्या वर्षी खर्चात धरला जातो आणि परत आला त्या वर्षी उत्पन्नात. वर म्हटलेल्या पावणेचार लाखांच्या पेचावरही हाच एक चांगला उतारा आहे. व्याज लावू नका, जामीन मागू नका. परतफेड शिष्यवृत्ती जमा झाल्यावर करायची एवढाच करार असू द्या.

दुसरं, पुण्याचा खर्च. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच खोलीची अनामत, खानावळ, गादी, पुस्तकं, एखादा जुना लॅपटॉप असा एकरकमी मार बसतो. पुढच्या महिन्यांत तो कसाबसा निभावतो. म्हणून ४० हजारांचे दहा समान हप्ते करण्यापेक्षा निम्मे जुलैतच द्या.

तिसरं, जात पडताळणी. बारावी विज्ञानाच्या मुलामुलींचे पडताळणीचे प्रस्ताव वेळेत दाखल झालेच पाहिजेत. प्रमाणपत्र नसेल तर आरक्षित जागा हातची जाते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला अक्कलकोट किंवा थेट कर्नाटक-तेलंगणातल्या गावी जावं लागतं, आणि रोज मजुरीवर जाणाऱ्या बापाला दोन दिवसांचा खाडा परवडत नाही. तो प्रवासखर्च आणि त्या दोन दिवसांची मजुरी द्या. पाच हजार रुपयांत इतकं मोठं काम दुसरं कुठलं होणार नाही.

पाचवी पायरी: निवड

अर्ज एका पानाचा ठेवा. आम्हाला निबंध नको, ‘माझं स्वप्न’ नको. नाव, शाळा, घरात कोण कमावतं, कोणता अभ्यासक्रम, किती पैसे कमी पडतात. बस.

मुलं शोधायची कुठे? वर्तमानपत्रात जाहिरात दिली तर वाचणाऱ्यांचीच मुलं येतात. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांना भेटा. कोणत्या मुलीचं लग्न ठरवायचं घाटतंय, कोणता मुलगा सुट्टीत यंत्रमागावर बसतोय आणि आता परत येणार नाही, हे त्यांना आधी कळतं. चांगले शिक्षक आडगावातही असतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे आपल्याच जिल्ह्यातलं. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं कोणत्या महिन्यात गायब होतात, हे विचारायचं ते गुरुजींनाच.

गुणांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पंचाण्णव टक्क्यांच्या मुलाला मे-जूनमध्ये चार संस्था शाल-श्रीफळ देतात आणि आमदारांच्या हस्तेही काही मिळतं. साठ ते ऐंशी टक्क्यांमधला मुलगा, ज्याला तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचाय, किंवा जीएनएम नर्सिंगला जाणारी मुलगी, किंवा आयटीआयमधला फिटर, यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यांच्या घरी मात्र पहिला पगार सगळ्यात लवकर येतो. त्यांचे अभ्यासक्रमही दोन-तीन वर्षांचे असतात, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या पायरीच्या गणितात ते जास्त बसतात.

उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला घ्या, पण तो घेऊन थांबू नका. घरी जा. दोघं जा, त्यात एक बाई असू द्या. अशोक चौक, दत्तनगर, नीलमनगर किंवा विडी घरकुलकडे जाणार असाल तर तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर घ्या. आईशी तिच्या भाषेत बोलल्याशिवाय घरात काय चाललंय ते कळत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरला कानडी, नई जिंदगीला उर्दू. आपल्या शहराची ही गंमत आहे, आणि मराठीतच मुलाखत घेणाऱ्या निवड समितीची ती अडचणही आहे. मुलगा दुभाषा होतो, आणि दुभाषा झालेला मुलगा घरची अब्रू झाकत सांगतो.

घरी गेल्यावर टीव्ही-फ्रिज मोजू नका. हप्त्यावर घेतलेला फ्रिज पाहून ‘यांना काय कमी’ म्हणणारे विश्वस्त मला भेटलेत. आठवड्याची मजुरी किती, वर्षातून किती आठवडे काम असतं, बचत गटाचे आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते किती, आजारी कोण आहे, हे विचारा. कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत जानेवारी २०२४मध्ये पहिल्या टप्प्यातली १५ हजार घरं कामगारांना मिळाली. पक्कं घर मिळालं म्हणजे घरखर्च सुटला असं होत नाही. शहरात कामाला आणि कॉलेजला येण्याचा रिक्षाखर्च उलट वाढलेला असतो.

चहा दिला तर प्या. फोटो काढू नका.

आता एक नाजूक गोष्ट. सोलापुरात समाजाच्या नावानं चालणारे ट्रस्ट पुष्कळ आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. पण तुमचा नवा ट्रस्ट एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी म्हणून स्थापन झाला असेल तर आयकराची सूट धोक्यात येते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठी काढलेल्या ट्रस्टला हा अडसर नाही. तेव्हा डीडमधला हेतूचा परिच्छेद सीएला दाखवून घ्या. विश्वस्ताच्या भाच्याला दिलेली शिष्यवृत्तीही तशीच अंगाशी येते, मग तो भाचा कितीही गरजू असो. भाच्याला विश्वस्तानं स्वतःच्या खिशातून द्यावी.

सहावी पायरी: ‘नाही’ कसं म्हणायचं

निवड झाल्यावर तुम्हाला फोन येतील. नगरसेवकाचा येईल, साडूचा येईल, ज्या बँकेत ठेव आहे त्या बँकेच्या संचालकाचा येईल. ‘अमक्याचं बघा जरा’ या वाक्याला एकट्यानं तोंड देणं कठीण असतं, म्हणून निवड तुमच्या एकट्याच्या हातात ठेवूच नका. तिघांची समिती करा. त्यात एक निवृत्त शिक्षक, एक बाहेरचा माणूस आणि एक विश्वस्त असावा. अध्यक्ष त्यात नसावा. मग तुम्ही खरं तेच सांगू शकता: ‘दादा, समितीकडे अर्ज द्या, माझ्या हातात नाही.’ दोन वर्षं हे नेटानं पाळलं की फोन कमी होतात.

नाकारलेल्या मुलांना कळवा. लोक हे करत नाहीत. आठ दिवसांत एक फोन, कारण एका वाक्यात, आणि त्याला लागू असलेल्या सरकारी योजनेचं नाव. तुमचा तो चटपटीत माणूस इथेही उपयोगी पडतो.

बैठकींचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहा आणि कोण गैरहजर होतं तेही लिहा. एखाद्या विश्वस्ताचा एखाद्या कॉलेजशी किंवा दुकानदाराशी संबंध असेल तर त्यानं तो बैठकीत सांगावा, त्या विषयापुरतं बाहेर जावं आणि तशी नोंद व्हावी. घरच्या ट्रस्टमध्ये हे अवघड वाटतं, कारण टेबलाभोवती सगळे मामा-काकाच असतात. म्हणून तर बाहेरचे दोन विश्वस्त हवेत. जमल्यास सात-आठ वर्षांनी तुमच्याच मदतीनं शिकून कमवायला लागलेली एखादी मुलगी मंडळावर घ्या. घरातल्या कुणालाही दिसत नाहीत त्या गोष्टी तिला दिसतात.

गुणगौरव समारंभाबद्दल विचाराल तर माझा सल्ला आहे, करू नका. हॉल, फ्लेक्स, पाहुण्यांची शाल, अल्पोपाहार यांत एका मुलाचं वर्ष जातं, आणि त्या मुलाला मित्रांसमोर गरीब म्हणून उभं राहावं लागतं ते वेगळंच. करायचाच असेल तर पालकांना बोलवा, जेवण द्या, भाषणं टाळा. मुलाचं नाव आणि फोटो फेसबुकवर टाकण्याआधी लेखी संमती घ्या. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात आहे.

सातवी पायरी: वर्षाचं चक्र

आपल्याकडे बरेच ट्रस्ट १५ ऑगस्टला किंवा दिवाळीनंतर रक्कम वाटतात. तोवर मुलानं सावकाराकडून उचललेलं असतं. चक्र शाळा-कॉलेजच्या वेळेनं फिरवा.

नोव्हेंबर-डिसेंबरात बारावीच्या मुलांचे दाखले आणि पडताळणी. आठवीच्या मुलांची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षाही याच सुमारास असते. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांना त्यातून नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सरावासाठी एखाद्या शिक्षकाला मानधन दिलंत तर तुमच्या तिजोरीवर भार न पडता चार वर्षांची सोय होते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात बैठक ठेवू नका, कुणी येत नाही. फेब्रुवारीत अंदाजपत्रक करून धर्मादाय कार्यालयाला द्या, ते वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी जायचं असतं. एप्रिलात शिक्षकांकडून नावं, मेमध्ये निकाल लागताच घरभेटी, जूनमध्ये निवड, जुलैत पहिली रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. रोखीनं काही देऊ नका. १० हजारांवरचं रोख देणं आयकराच्या हिशेबात धरलं जात नाही, आणि रोख पैशाचं घरात काय होतं ते सांगायला नको.

आठवी पायरी: दुसऱ्यांचे पैसे घेताना

काम दिसायला लागलं की मित्र म्हणतात, आमचेही घ्या. घ्या, पण पावती द्या. २ हजारांवर रोख घेतलंत तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. वर्षातल्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरलं नाही तरी तेच होतं आणि तो नाराज होतो. एखादी कंपनी सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतले पैसे देऊ करत असेल तर ते घेण्यासाठीची तुमची सीएसआर-१ नोंदणी आधी हवी.

आणि अमेरिकेतला चुलतभाऊ. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी ते परकीय योगदान आहे, आणि एफसीआरएची (परकीय योगदान कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक डॉलरही खात्यात येऊ देऊ नका. गणपतीत घरी आला की त्याला हे समजावून सांगा. फोनवर सांगितलं तर राग येतो.

नववी पायरी: मूल नापास झालं तर

होतं तसं. पहिल्या सत्रात अभियांत्रिकीचे दोन-तीन विषय राहणं हे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं नेहमीचं दुखणं आहे, आणि बऱ्याच प्रतिष्ठानांच्या नियमात तिथेच ‘सर्व विषय उत्तीर्ण’ ही अट असते. म्हणजे ज्या क्षणी आधाराची खरी गरज, त्याच क्षणी तो काढून घ्यायचा. तुमच्या नियमात एक वर्ष सवलतीचं ठेवा. विषय राहिले तर रक्कम चालू राहील, मात्र महिन्यातून एकदा फोनवर बोलायचं आणि गरज असेल तर शिकवणीचा खर्च प्रतिष्ठान करेल. दुसऱ्या वर्षीही तेच झालं तर मुलाला घरी बोलवा आणि शाखा बदलायची का, डिप्लोमाकडे वळायचं का, ते विचारा. रक्कम बंद करायचीच वेळ आली तर सहा महिने आधी सांगा. एखादी मुलगी लग्नामुळे शिक्षण सोडत असेल तर तिच्या नावची जागा वर्षभर राखून ठेवा. काही जणी परत येतात.

प्रत्येक मुलामागे एक वही ठेवा, संगणकात किंवा कागदावर, कशीही. कधी बोललो, काय म्हणाला, कोणतं प्रमाणपत्र बाकी आहे. तुम्ही आजारी पडलात किंवा मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलात, तर तुमच्या जागी येणाऱ्याला त्या वहीवरून पुढच्या महिन्यात कुणाला फोन करायचा ते कळायला हवं. पद सोडायचं ठरलं की राजीनामा लेखी द्या, नव्या माणसाला बँकेत बरोबर न्या, आणि तुमचं नाव उताऱ्यावरून उतरवण्याचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत दाखल झालाय ना, हे त्याच्या क्रमांकासकट बघून घ्या.